मक्याच्या पिठावर गॅनोडर्मा ही औषधी बुरशी वाढवली, लिटरमागे ९ ग्रॅम पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) मिळालं. आता १० लिटरचा फर्मेंटर (बुरशी वाढवायची टाकी) घेऊ का?

नका घेऊ. आधी त्या ९ ग्रॅममध्ये मका किती आहे ते बघा.

हेच मी माझ्या मोठ्या दिरांना सांगितलं होतं आणि अजून ऐकून घेतेय. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. भाऊजींनी मकरपुऱ्यात एक गाळा भाड्याने घेतला, फ्लास्क हलवत ठेवणारा जुना शेकर आणला आणि मला म्हणाले, "तू एमेस्सी मायक्रो, तूच बघ." पण बुरशीला खायला द्यायचं माध्यम त्यांनीच ठरवलं होतं: लिटरला ३० ग्रॅम वाण्याकडचं मक्याचं पीठ, थोडं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, चिमूटभर क्षार. ग्लुकोज महाग पडतं म्हणे.

बुरशी झकास वाढली. २८ अंश, मिनिटाला १४० फेरे. आठव्या दिवशी बाजरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या आणि मधलं पाणी नितळ. (तुमचं पाणी गढूळ असेल तर पुढचं वाचूच नका, बॅक्टेरिया शिरलेत.) गाळून, पॉलिसॅकराइड खाली बसावं म्हणून त्या पाण्यात चौपट अल्कोहोल ओतलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी पांढरे धागे! वाळवून वजन केलं तर लिटरला साडेआठ ग्रॅम. भाऊजींनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले आणि त्याच आठवड्यात माहितीपत्रक छापायला टाकलं.

मला ते पचेना. मी बुरशी न घातलेला एक फ्लास्क तसाच शेकरवर ठेवला आणि त्यातही अल्कोहोल ओतलं. तसेच धागे, उलट जरा जास्तच शुभ्र. मग औषधाच्या डब्यातलं टिंक्चर आयोडीन घेतलं. कोऱ्या फ्लास्कचा साका, म्हणजे खाली बसलेले धागे, काळानिळा झाला, बुरशीवाल्याचा जांभळट तपकिरी. गॅनोडर्माचं स्वतःचं पॉलिसॅकराइड, म्हणजे बीटा-ग्लुकान, आयोडीनला असा रंग देत नाही; मक्यातला स्टार्च आणि त्याचे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, देतात. अल्कोहोल तेही खाली बसवतं.

भाऊजी म्हणाले, "ते आयोडीन किती वर्षांचं आहे?"

मग त्यांनी नमुना लॅबला दिला. फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडच्या चाचणीत कर्बोदकं भरघोस निघाली. निघणारच. त्या चाचणीला कुठलीही साखर चालते, मक्याची काय आणि बुरशीची काय. उसळीत पाव कुस्करून वजन करायचं आणि वाटाणा इतका निघाला म्हणायचं, तसलं हे. बायोमासचंही, म्हणजे वाळलेल्या बुरशीच्या वजनाचंही तेच, पिठाचे कण गोळ्यांत अडकतात आणि तेही वजनात येतात.

शेवटी मी हट्टाने ग्लुकोज आणि पेप्टोनवर एक बॅच घेतली. बायोमास १७ ग्रॅमवरून ९ वर आला, पाण्यातलं पॉलिसॅकराइड साडेआठवरून १.१ वर. "तुझ्या हाताला यश नाही," इति भाऊजी. पुढे गाळा बंद पडला तो मे महिन्यात वीज जाऊन दोन बॅचेस नासल्यामुळे. पण घरात आजही धाकटीने मोडता घातला असंच सांगतात.

त्यामुळे फर्मेंटरचा हिशोब लिटरला एखाद्या ग्रॅमवर करा. परवडला तर घ्या.

एक मात्र कबूल करते. बुरशीवाल्या फ्लास्कच्या आकड्यातून कोऱ्या फ्लास्कचा आकडा मी सरळ वजा केला होता, ते माझंही चुकलंच होतं. बुरशी स्वतः स्टार्च तोडणारं अमायलेज हे एन्झाइम बाहेर टाकून स्टार्च खाते, त्यामुळे शेवटी उरलेलं डेक्स्ट्रिन सुरुवातीपेक्षा कमी असतं. नीट करायचं तर साक्यावर अमायलेज आणि ग्लुकोअमायलेज चालवा, सुटी झालेली साखर डायलिसिसने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, काढून टाका, मग मोजा. आणि मका वाईट नाही हो, बुरशीला आवडतो. खायची पूड म्हणून विकायचं असेल तर खुशाल वापरा, फक्त पाकिटावर मका लिहा. गोळ्यांच्या आतलं पॉलिसॅकराइड वेगळं, ते गरम पाण्यात काढावं लागतं; बाहेरच्यात मिसळून एकच आकडा सांगू नका.

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर भाऊजींनी हळूच विचारलं, "तो कोरा फ्लास्क तू किती दिवस ठेवला होतास?" आठ दिवस, भाऊजी. त्याच शेकरवर, त्याच तापमानाला. तुम्हीही तसाच ठेवा.