डबीची मागची बाजू आधी वाच

अगं, ‘नैसर्गिक’ शब्दावर भाळू नको. सीताबर्डीच्या बाजारात क्रीम हातात घेतलंस की डबी उलटी करून घटक वाच. पेग म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, क्रीम-साबणात तेल-पाणी एकत्र ठेवणाऱ्या किंवा फेस आणणाऱ्या रसायनांचं घराणं. त्यातलं ‘पेग-100 स्टिअरेट’ नावावरून लगेच ओळखू येतं, पण सेटिअरेथ-20, सोडियम लॉरेथ सल्फेट हेही त्याच घराण्यातले. ‘एथ’ने संपणारा शब्द दिसला की थांब. पॉलिसॉर्बेट तर नावावरून पत्ताच लागू देत नाही! हे घटक बनवताना 1,4-डायॉक्सेन हे कर्करोगाचा संशय असलेलं रसायन किंचित उरू शकतं; कारखान्यात ते काढता येतं, पण काढलं की नाही हे लेबलवरून कळत नाही. पण तेवढ्यासाठी घरातलं सगळं फेकू नको. मात्र मे महिन्याच्या उन्हात घामोळं खाजवून कातडी सोलली असेल, तर तिथे पेगवालं काही लावूच नको. फेसवॉश घेताना डेसिल ग्लुकोसाइड असलेलं बघ; हा फेस आणणारा घटक पेगच्या घराण्यातला नाही. थंडीत अंगाला साधं खोबरेल पुरतं.