भाड्याच्या फ्लॅटमध्ये डिपॉझिट न घालवता काय काय करता येईल?

अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर घर घेतलंय, थोडं नीटनेटकं करायचंय पण डिपॉझिट कापलं जायला नको, असं तुम्ही विचारलंय. मी पण बरीच वर्षं पुण्यात भाड्यानेच राहतोय म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे अ‍ॅग्रीमेंटमधलं पेंटिंगचं कलम वाचा. कित्येक अ‍ॅग्रीमेंटमध्ये घर सोडताना पेंटिंगचे पैसे कापणार असं आधीच लिहिलेलं असतं, मग भिंती एवढ्या जपून तरी काय मिळणार! मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, लेखी हो आलं की खुशाल भोकं पाडा, फक्त स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल नको, वायरी बहुतेक तिथूनच गेलेल्या असतात. आणि बाथरूमच्या टाइल्सना भोकं पाडू नका. सोडताना गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकलेला प्लग) उपटायची, वॉल पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा.

ते चिकटवायचे हुक छान दिसतात पण डिस्टेंपरवर लावले तर हुकाबरोबर रंगाचा पोपडा पण हातात येतो. ऑइल पेंट किंवा टाइलवर ठीक आहेत. वॉलपेपर स्टिकरचं पण तेच, मी तर म्हणेन त्यात पैसे घालूच नका.

माझं मत विचाराल तर पैसे अशाच गोष्टीत घाला ज्या उद्या सामानाबरोबर टेम्पोत चढतील. उदा. बीएलडीसी पंखा (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा). जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, हा ३० ते ३५, दिवसाला १२ तास चालवला तर महिन्याला १४-१६ युनिट वाचतात, आणि जुना पंखा माळ्यावर ठेवायचा, जाताना परत लावायचा. बसवायला मात्र इलेक्ट्रिशियन बोलवा. जेट स्प्रे, शॉवर वगैरे स्वतः बदलता येतं, अँगल कॉक (भिंतीतून पाइप निघतो तिथली छोटी तोटी) बंद करायचा (शॉवरला वरच्या टाकीकडचा व्हॉल्व), आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर घट्ट करताना सुटत जाते आणि मग टपटप चालू.

सगळ्यात जास्त सुख कशाने मिळेल तर वेल्क्रोवाल्या मच्छरदाणीच्या जाळीने. खिडकीची फ्रेम ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, मग पट्टी दाबून लावा आणि जाळी दुसऱ्या दिवशी चढवा, लगेच ओढाताण केली तर कोपरे सुटतात. हे काम पावसाळ्याच्या आधीच उरका, दमट हवेत गोंद नीट धरत नाही. पट्टी काढल्यावर ॲल्युमिनियमवर गोंद राहिला तर थोडं खोबरेल लावून ठेवायचं, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं.

आणि हो, हे सगळं सुरू करायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवून ठेवा, नाहीतर जुनी ओल आणि डाग नंतर तुमच्या नावावर येतात.