वाचक विचारतात : संहितेविना रंगमंचावर

या अंकातले प्रश्न बडोद्याच्या वाचकांचे आहेत. विषय एकच : इम्प्रोव्ह, म्हणजे प्रेक्षकांकडून एखादा शब्द घेऊन जागच्या जागी रचलेले विनोदी प्रसंग.

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात दर रविवारी दोन तासांचा वर्ग चालतो. चौदा जण येतात, निम्म्यांनी एकांकिका केल्या आहेत. पण प्रसंग सुरू झाला की विनोद मारण्याची चढाओढ लागते आणि दोन मिनिटांत त्याचं भांडण होतं. सुरुवात कुठून करावी?

भांडण होतं, कारण समोरच्याने मांडलेली गोष्ट दुसरा पुसून टाकतो. समजा, एक जण हवेतच कढई ढवळत म्हणाला, "ताई, उसळ तिखट झालीय गं, आणि पाहुणे आलेच बघ." यावर ती म्हणाली, "कसली उसळ? हा दवाखाना आहे!" प्रेक्षक हसतात, तिला वाटतं जमलं. पण त्या एका हशासाठी कढई गेली, पाहुणे गेले, बहीण-भाऊही गेले. आता तो पुढचं काही मांडायला कचरणार. तीच जर म्हणाली, "म्हणून तू दही ओतलंस? अरे, तो श्रीखंडाचा चक्का होता!" तर उसळ राहिली, पाहुणे राहिले आणि वर एक नवं संकट मिळालं. ताई भावावर चिडली आहे, तरीही तिने त्याचं सगळं स्वीकारलं. इम्प्रोव्हचा मूळ नियम "हो, आणि..." असा आहे : समोरच्याने मांडलेलं स्वीकारायचं आणि त्यात भर घालायची. या नियमाचा अर्थ इथे लोक हमखास चुकतात. होकार नटाने नटाला द्यायचा असतो. पात्रं खुशाल नाही म्हणोत, रुसोत, दार आपटोत.

दोन तासांची आखणी अशी करून पाहा. पहिली पंधरा मिनिटं गोलात उभं राहून टाळी एकाकडून दुसऱ्याकडे द्या, डोळ्याला डोळा भिडल्याशिवाय टाळी सोडायची नाही. पुढची वीस मिनिटं जोडीने सहलीचा बेत : प्रत्येक वाक्य "हो, आणि" ने सुरू. मग एकेक शब्द जोडत गोष्ट सांगा. इथे हुशार माणसं अडतात, कारण त्यांनी तीन शब्द पुढचे ठरवून ठेवलेले असतात आणि शेजारी भलताच शब्द देतो. ती अडचण येऊ द्या, ऐकण्याची सवय तिथेच लागते. त्यानंतर दोघादोघांचे प्रसंग : सात जोड्या, प्रत्येकी तीन मिनिटं प्रसंग आणि दोन मिनिटं चर्चा, म्हणजे पस्तीस मिनिटं. उरलेल्या वेळात तोच व्यायाम जोड्या बदलून. एका रविवारी एकच कौशल्य घ्या.

प्रसंग चालू असताना बाजूने छोटी सूचना द्यायला हरकत नाही : "हातातली कढई बघ", "उत्तर देऊ नकोस, आधी श्वास घे". ही पद्धत अमेरिकेतल्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांची. शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांना शिकवताना त्यांनी हे खेळ घडवले, आणि १९६३ साली ते पुस्तकरूपाने आले. भाषा वेगळी असली तरी अडू नये, अशीच त्यांची रचना आहे. तुमच्या वर्गात घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलणारे असतील, तर निरर्थक भाषेत वस्तू विकण्याचा खेळ जरूर घ्या. कोट्या करणाऱ्यांची जीभ तिथे बांधली जाते आणि हातवारे बोलायला लागतात.

प्रसंग संपल्यावर "मजा आली नाही" असं कधीही म्हणू नका. कुठला शब्द कुणी ऐकला नाही, तेवढंच दाखवा. आणि स्वतः उठून करून दाखवू नका. पुढच्या रविवारी चौदाही जण तुमची नक्कल करतील.

एकांकिकावाले नेहमी वरचढ पात्रंच घेतात. काय करावं?

पत्त्यांचा जोड आणा. प्रत्येकाने आपलं पान न बघता कपाळाला लावायचं. बाकीच्यांनी राजाला राजासारखं आणि दुर्रीला दुर्रीसारखं वागवायचं. पाच मिनिटांनी प्रत्येकाने आपली पायरी, म्हणजे आपण किती वरचे की खालचे, हे ओळखून रांगेत उभं राहायचं. पायरीच्या या खेळाचा पाया नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये शिकवताना घातला. बोलताना डोकं स्थिर ठेवलं की माणूस वरचा वाटतो. चेहऱ्याला सारखा हात लावला, वाक्याआधी तोकडा "अं" काढला की खालचा. हे अंगाने होतं, आवाज चढवून होत नाही.

मराठीत तर आपल्याकडे आयतं शस्त्र आहे : आपण, तुम्ही, तू. घरमालक आणि भाडेकरू यांचा तीन मिनिटांचा प्रसंग द्या. विषय फक्त गळक्या नळाचा. भाडेकरूने "आपण" पासून सुरुवात करून "तू" वर यायचं, मालकाने उलट. सर्वनाम कोणत्या क्षणी बदललं, तिथे हशा येतो की नाही पाहा. बहुतेक वेळा येतोच, आणि त्यात एकही कोटी नसते.

प्रेक्षकांना जागा विचारली की दर वेळी "शौचालय" नाहीतर "सेव उसळ"!

प्रश्न फार मोकळा आहे, म्हणून. घाईत माणसाला तेच सुचतं. "आजोळच्या घरातली, कुणीही टाकून देत नाही अशी वस्तू सांगा" असं विचारा. मागून अडकित्ता, पितळी तांब्या, बिघडलेला रेडिओ येईल. कानावर पडलेला पहिला शब्द घ्या आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असा मोठ्याने पुन्हा म्हणा. अश्लील आला तर न रागावता दुसरा मागा. ओळखीच्या माणसाकडून घेऊ नका, सगळं ठरवून आलंय असा संशय येतो.

हे सगळं परदेशी नाही का? आपल्याकडे काय होतं?

तमाशातली बतावणी, म्हणजे त्यातले विनोदी संवाद, आणि गुजरातच्या भवाई या लोकनाट्यातला रंगलो हा विदूषक, दोन्ही तुमच्या हाताशी आहेत. तिथे कथेचा सांगाडा ठाऊक असतो, संवाद जागेवर फुलतात. इम्प्रोव्हमध्ये सांगाडाही ठाऊक नसतो. तमाशातल्या विनोदी नटाकडून, सोंगाड्याकडून, एक गोष्ट नक्की शिकावी : प्रेक्षकांतल्या माणसाशी थेट बोलून पुन्हा प्रसंगात सहज परतणं.

पहिला प्रयोग किती वेळाचा असावा?

चाळीस मिनिटं, सहा कलाकार, चार-पाच मिनिटांचे सात-आठ खेळ. अमेरिकन इम्प्रोव्ह दिग्दर्शक डेल क्लोज यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलेला "हॅरल्ड" हा लांब प्रकार निदान सहा महिने बाजूला ठेवा. त्यात तेच धागे तीन फेऱ्यांत परत आणायचे असतात आणि नवख्यांना पहिली फेरीच आठवत नाही. सगळ्यात जपून निवडायचा तो दिवे सांभाळणारा. प्रसंग संपवणं त्याच्या हातात असतं. मोठा हशा आला आणि तो ओसरायला लागला की तिथेच अंधार. आणखी एक हशा येईल म्हणून तो थांबला, तर कलाकार तोच विनोद पुन्हा काढतात. दिव्यांची सोय नसेल, तर विंगेतल्या एकाने रंगमंचाच्या पुढच्या कडेने धावत आरपार जायचं, म्हणजे प्रसंग संपला. हे धावणंही तालमीत वीसेक वेळा करून घ्या. मित्राचा रंगलेला प्रसंग कापायला नवख्याचे पाय उचलत नाहीत.