थंडीत अ‍ॅक्वापोनिक्सचे मासे खात नाहीत, पालक पिवळा पडतोय, हीटर लावू का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला गच्चीवर १००० लिटरची टाकी आहे, दिवाळीनंतर सिस्टिम चालू केली, म्हणजे माशांच्या टाकीचं पाणी भाजीच्या बेडमधून फिरून परत टाकीत येतं, ६० चिलापी (तिलापिया मासे) सोडल्यात, वर खडीचे दोन बेड आहेत, आणि आता जानेवारीत मासे तळाशी बसून असतात, दाणा तसाच तरंगत राहतो, पालक पिवळा पडायला लागलाय. आधी सरळ सांगतो, आजपासून दाणा बंद करा, तरंगतोय तो जाळीने काढून टाका, हीटरचं नंतर बघू.

मी निफाड तालुक्यात राहतो. इकडची थंडी तुम्हाला माहीतच असेल, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांमध्ये येतो, पहाटे एक आकडी तापमान म्हणजे इथे नवल नाही, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ड्रिप चालू ठेवतात. या थंडीत अशी टाकी सांभाळण्याचा माझा हा सहावा हिवाळा आहे. पहिल्या हिवाळ्यात मीही चिलापीच टाकली होती आणि मासे भुकेले राहतील म्हणून रोज दोन वेळा दाणा टाकत राहिलो, आठवड्यात पाण्याला वास यायला लागला आणि एका पहाटे टाकीतलं पाणी ११ डिग्रीवर गेलं तेव्हा निम्म्याहून जास्त मासे मेले. फार वाईट वाटलं होतं, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर लगेच लिहायला बसलो.

मासे आजारी असतीलच असं नाही. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं, पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, आणि चिलापी तर उष्ण प्रदेशातला मासा, १६-१७ च्या खाली ती खाणं जवळजवळ सोडते आणि ११-१२ ला मरायला लागते. पण माझ्या मते तुमच्याकडे खरी अडचण माशांपेक्षा बेडमध्ये आहे. खडीवर जे जिवाणू बसतात, म्हणजे माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग झाडांना खत म्हणून लागणारं नायट्रेट करणारे, त्यांना २५ ते ३० डिग्री आवडतं, १८ ला त्यांची वाढ साधारण निम्म्यावर येते आणि १० च्या आसपास पाव. उन्हाळ्यात नवीन बेड पिकायला, म्हणजे त्यात हे जिवाणू पुरेसे वाढायला, ४ ते ६ आठवडे लागतात, तुम्ही दिवाळीनंतर सुरू केलं म्हणजे पाणी गार होत असतानाच, त्यामुळे तुमचा बेड अजून पिकलेलाच नसणार. वरून न खाल्लेला दाणा कुजतोय, त्याचाही अमोनिया होतोय आणि तो खाणारं कुणी नाही. म्हणून आधी टेस्ट किट आणा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही मोजा. नायट्राइट चढलेलं दिसलं तर दुपारी १०-१५ टक्के पाणी बदला, पहाटेचं गार पाणी घालू नका आणि नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून मगच घाला, क्लोरीनने मासे आणि जिवाणू दोघांनाही त्रास होतो.

आता हीटर. १००० लिटर पाणी फक्त १ डिग्रीने तापवायला साधारण १.१६ युनिट वीज लागते, ५ डिग्री वर न्यायचं म्हटलं तर जवळजवळ ६ युनिट, आणि रात्री ती सगळी ऊब निघून जाते की परत तेवढंच, बिल बघून तुम्हीच बंद कराल. आंघोळीच्या पाण्याचा रॉड तर चुकूनही टाकू नका, टाकीत हात घातला आणि करंट लागला तर जीव जाईल, मासे राहिले बाजूला. थंडीची लाट आली आणि चिलापी वाचवायचीच असेल तर थर्मोस्टॅटवाला अ‍ॅक्वेरियम हीटर, तो पण ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेल्या लाइनवर, आणि सगळी टाकी तापवण्यापेक्षा मासे झाकलेल्या २०० लिटरच्या ड्रममध्ये हलवून तेवढंच पाणी १८-२० ला धरलेलं परवडतं. ड्रममध्ये एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) ठेवा, मासे दाट होतात ना, आणि तिथेही जवळजवळ उपाशीच ठेवा कारण त्या पाण्याला बेड नाही. हलवताना दोन्हीकडच्या पाण्याचं तापमान हळूहळू जुळवून घ्या, एकदम फरक पडला तर पांढरे ठिपके येतात.

खरी ऊब जाते कुठे हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. रात्री पंप चालू असतो, पाणी गार खडीतून वाहतं, हवा लागते आणि तसंच खाली टाकीत येतं, म्हणजे रात्रभर आपणच टाकी गार करत असतो. मी टायमर लावला, सकाळी १० ते संध्याकाळी ५ पंप नेहमीसारखा, तेव्हा उन्हाने तापलेली खडी उलट पाणी गरम करते, आणि रात्री दर दोन तासांनी फक्त १० मिनिटं. पूर्ण बंद करायचा नाही, बेडमध्ये ओल आणि हवा गेली नाही तर जिवाणू मरतात आणि सडका वास सुटतो. टाकीतला एअर पंप मात्र २४ तास चालू. फक्त एवढ्यानेच माझं पहाटेचं पाणी ३ डिग्रीने वर राहायला लागलं. टाकीला चारी बाजूंनी थर्माकोल, त्यावर गोणपाट, वर झाकण, आणि खाली पण थर्माकोल हवाच कारण स्लॅब रात्री बर्फासारखा होतो. बेडवर कमानी करून यूव्ही प्लास्टिक टाका, दुपारी बाजू उघडायला विसरू नका, आपल्याकडे जानेवारीतही दुपारी २७-२८ होतं आणि आत पालेभाजी कोमेजते. हे सगळं मिळून हीटरच्या एका महिन्याच्या बिलात होईल.

दाणा मी आता थर्मामीटर बघून देतो, तोही दुपारी एक-दीडला, पाणी सगळ्यात उबदार असतं तेव्हा. २२ च्या वर नेहमीसारखा, १८ ते २२ ला निम्मा, १५ ते १८ ला चिमूटभर आणि एक दिवसाआड, १५ च्या खाली काहीच नाही. हा हिशोब माझ्या कॉमन कार्पचा आहे ज्याला आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात, चिलापीला प्रत्येक आकडा ३-४ डिग्री वर धरा. आठवडा-दोन आठवडे उपाशी राहून चांगला मासा मरत नाही, घरच्यांना हे पटवायला मला वेळ लागला, आई अजूनही म्हणते थोडंसं तरी टाक रे. पुढच्या वर्षी सायप्रिनस किंवा कोई (रंगीत कार्प) हेच मासे टाका, ते थंडी काढतात. पंगस हाही उष्ण पाण्याचा मासा, त्याच्या वाटेला तर आपल्या भागात जाऊच नका.

पालकाचं म्हणाल तर पान नीट बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय, गार पाण्यात मुळं ते कमी उचलतात. द्राक्षवाल्यांच्या कुठल्याही कृषी दुकानात ईडीडीएचए चिलेटेड लोह मिळतं, ६ टक्केवालं, १००० लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास, पाणी लालसर होईल, घाबरू नका. पण पाकिटावर नीट वाचा, मिक्स मायक्रोन्यूट्रियंट घेऊ नका, त्यात तांबं आणि जस्त असतं आणि मासे मरतात. जुनी खालची पानं पिवळी पडत असतील तर मग नायट्रेटच कमी आहे, ते बेड पिकल्याशिवाय येणार नाही, घाई करून दाणा वाढवायचा मोह होईल पण वाढवू नका. तोपर्यंत मेथी, कोथिंबीर, लेट्यूस, पुदिना लावा, यांना हीच हवा मानवते. टोमॅटो आणि काकडी फेब्रुवारी संपेपर्यंत लावू नका. ढगाळ हवेत मावा येईल, त्यावर काहीही फवारू नका, निंबोळी अर्कसुद्धा नाही कारण शेवटी ते टाकीतच उतरतं, मी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतो आणि फारच झालं तर झाड उपटतो.

कुठल्या माशाच्या अंगावर कापसासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी आहे, तो लगेच वेगळा करा.

चार दिवस सकाळी ७ ला आणि दुपारी २ ला पाण्याचं तापमान लिहून ठेवा, अमोनिया, नायट्राइट आणि पीएच रोज एकदा, आणि पालकाच्या कोवळ्या आणि जुन्या पानाचा एकेक फोटो काढून इथेच खाली टाका. आकडे बघून सांगतो चिलापी ड्रममध्ये हलवायची का तिथेच ठेवायची. उद्या पहाटेच पाणी १३ च्या खाली दिसलं तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, दुपारी ऊन असतानाच हलवा.