लग्नाची कामं घेणाऱ्या फोटोग्राफरने फिल्म कॅमेरा घ्यावा की डिजिटल?

डिजिटल. पोट लग्नांवर असेल तर दुसरा विचारच नको.

मे १९९९, मिरजेजवळच्या गावातलं लग्न. फोटोग्राफर मामा, मी फ्लॅश आणि बॅग सांभाळायला. मामाचा निकॉन एफएम टू, त्याचा जीव की प्राण. ऐन मंगलाष्टकांत रोल संपला. मामाने कॅमेरा माझ्या हातात कोंबला, मी रोल बदलून दिला. अंतरपाट दूर झाला, हार पडले, सप्तपदी झाली, सगळं मामाने त्याच रोलवर काढलं. रोल ३६ फोटोंचा; मोजणारा काउंटर ३६ ला टेकला तरी फिल्म पुढे ओढायची लिव्हर अडेना. "दोन-तीन जास्तीचे बसतायत," मामा खूश.

लॅबमधून आली नुसती नारिंगी पट्टी, फोटो एकही नाही! कडेचे आकडे आणि कंपनीचं नाव स्वच्छ उमटलेलं, म्हणजे धुण्यात खोट नव्हती. फिल्मचं टोक ती गुंडाळून घेणाऱ्या स्पूलच्या खाचेतून निसटलं होतं, म्हणून फिल्म पुढे सरकलीच नाही. फिल्मच्या सुरुवातीच्या, उजेड लागून काळ्या पडलेल्या जिभेवर अख्खं लग्न एकावर एक साचलं होतं. पुन्हा अंतरपाट धरू म्हटलं, तर नवरीची आई म्हणाली, "लग्न काय दोनदा लावायचं?" मामाने पैसे सोडले. आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात त्याचं एकच पालुपद, "पोरानं रोल नीट लावला नाही."

बरं, नसेल लावला. पण फिल्म सरकत असली की लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत गुंडाळायची, खुंटी फिरते. रोल कोणी का भरेना, खुंटीवर नजर ठेवायची ती फोटो काढणाऱ्याने. रिवाइंड करताना हाताला ओढ लागली नाही, तेव्हाही मामा गप्पच होता.

डिजिटलला हे पहिल्याच फोटोला कळलं असतं. दोन कार्डांचा कॅमेरा घ्या आणि दोन्हींवर एकदम सेव्ह करा, कारण कार्डही दगा देतं. हां, उन्हातल्या मांडवात नवऱ्याचा पांढरा सदरा निगेटिव्ह सांभाळून घेते; डिजिटलमध्ये जास्त उजेडाने पांढरं एकदा जळलं की त्यातले बारकावे गेले, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, जरा कमीच ठेवा. शिवाय मामाच्या १९८७ च्या निगेटिव्हवरून आजही झकास प्रिंट निघते, माझ्या २००६ च्या सीड्या उघडत नाहीत. हे त्याला सांगू नका. हौसेला फिल्म जरूर वापरा, पण लोकांच्या मुहूर्तावर नको.

मामा हे वाचणार नाही, मामेभाऊ वाचतो. बाबा रे, त्या दिवशी लिव्हर कोणाच्या अंगठ्याखाली होती, एवढं विचार त्याला.