एका फितीची किंमत

प्रश्न : माझा मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहे. परवा तो शिपायाचा लान्स नायक झाला. आम्ही पेढे वाटले, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "एका फितीचं एवढं काय? आणि लान्स म्हणजे भाला ना, तो कुठाय?" खरंच, या पदाला काही अर्थ आहे का?
– एक आई, माणगाव

उत्तर : ताई, पेढे वाटलेत ते बरंच केलंत.

आधी भाल्याचं. इटालियनमध्ये 'लान्चा स्पेत्साता' म्हणजे मोडका भाला. लढाईत घोडा गेला, भाला मोडला, की मुरलेला स्वार पायदळात यायचा, त्याला हे नाव पडलं असं सांगतात. शब्द फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला, त्याचा 'लान्स कॉर्पोरल' झाला आणि आपल्या पलटणींत 'लान्स नायक'. नायक मात्र घरचाच. शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक असे, आणि पाच नाईकांवर एक हवालदार. आज लान्स नायकाला बाहीवर एक फीत, नायकाला दोन, हवालदाराला तीन.

मी तीन फिती लावून घरी आलो. पण सगळ्यात जड गेली ती पहिली. काल ज्याच्याबरोबर लंगरच्या रांगेत उभे होतो, त्यालाच आज हुकूम द्यायचा! माझ्याच भरतीचा, शेजारच्या खाटेवरचा एक सोबती होता. पहाऱ्याची यादी मी लिहायचो. रात्री दोन ते चारची पाळी कुणालाच नको असते. तो म्हणाला, "भावा, मला नको लावू." तीन रात्री नाही लावलं. चौथ्या दिवशी बाकीची पोरं माझ्याशी तुटक बोलायला लागली. त्या रात्री त्याचं नाव घातलं. पुढे महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. साहेब लोकांना हे कळतही नाही, ते त्यांच्यापर्यंत जाऊ न देणं हेच त्या फितीचं काम.

शेजाऱ्यांना आणखी एक सांगा. तुमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे दोन फितींचे नायक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे हाताखालच्या छोट्या तुकडीतले, बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमीगन चालवली, मॅगझिन बदलायला सवड नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, शेजाऱ्यांनी तो रोज पाहिला असेल.

मुलाला मात्र सांगा, दुसऱ्या फितीसाठी केडर, म्हणजे बढतीचा प्रशिक्षणवर्ग, आणि नकाशावाचन, दोन्ही पास व्हावं लागतं. नकाशात आमची बरीच पोरं गळायची. सुट्टीवर आला की थोडं बसवा त्याला.