कोकणातल्या घरावर सोलर: बिल कमी करायचंय की लाईट गेल्यावर उजेड हवाय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-वडील देवगडजवळ गावच्या घरी कायम राहतात, महिन्याला साधारण २०० युनिटं लागतात, बिल दोन हजारांच्या आगेमागे येतं. एका सोलरवाल्याने ३ किलोवॅटचं एक लाख नव्वद हजारांचं कोटेशन दिलंय. "बिल शून्य होईल, आणि पावसात लाईट जायची कटकटही संपेल" असं तो बाबांना सांगून गेला आणि बाबांनी मनातल्या मनात होकार देऊन टाकलाय. घ्यावं का?

सोलर घ्या. हे कोटेशन मात्र घेऊ नका.

आधी लाईट जाण्याचं बोलतो, कारण कोकणात निम्मे लोक सोलर त्याच आशेवर घेतात. तुम्हाला दिलेलं कोटेशन साध्या ऑन-ग्रिड सिस्टीमचं आहे, त्यात बॅटरीचा उल्लेख नाही. अशा सिस्टीमचा इन्व्हर्टर महावितरणची लाईन चालू असेल तरच चालतो. लाईट गेली की भर दुपारच्या बारा वाजताही तो स्वतःला बंद करून घेतो. हा दोष नाही, तसा नियमच आहे. समजा, खांबावर वायरमन काम करतोय, त्याने ट्रान्सफॉर्मरवरून लाईन बंद केलीय, आणि तुमच्या छपरावरून त्याच तारेत वीज सुटली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टरने काही क्षणांत थांबायचं. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा ज्यांच्या छपरावर नुसतं ऑन-ग्रिड होतं त्यांनीही शेजाऱ्यांसारख्याच मेणबत्त्या लावल्या.

लाईट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलर, लाईन आणि बॅटरी तिन्हींवर चालणारा, आणि लिथियम बॅटरी लागते. दिवे, पंखे, फ्रिज, वायफाय रात्रभर चालवण्याइतकी बॅटरी घ्यायची तर खर्च लाखाच्या वर वाढतो. सरकारी सबसिडी पॅनेलच्या किलोवॅटवर मिळते, बॅटरीसाठी वेगळी मिळत नाही. माझ्या मते तुमच्या घराला याची गरज नाही. दोन पंखे, चार दिवे आणि राउटरपुरता साधा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी पंचवीस-तीस हजारांत होते, बहुतेक घरी असेलही. ती राहू दे. बाबांना एवढंच स्पष्ट सांगा की सोलर बिलासाठी, बॅटरी लाईटसाठी. घरात ऑक्सिजन मशीन वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, मग हायब्रिडच घ्या आणि पैशांचा हिशोब करत बसू नका.

आता पैशांकडे येऊ. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर या सोलर सबसिडीच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठी सिस्टीम लावली तरी तेवढेच. म्हणून प्रत्येक विक्रेता डोळे झाकून "तीनचीच लावा, पूर्ण सबसिडी मिळते" म्हणतो. पण तिसऱ्या किलोवॅटला खर्च पन्नास हजारांच्या पुढे येतो आणि सबसिडी मिळते अठरा. त्याचा उपयोग कोणाला, हे बघायला हवं.

आपल्या पट्ट्यात पावसाळा धरून १ किलोवॅट वर्षाला १,३०० युनिटांच्या आसपास देतो. देशावर यापेक्षा जास्त मिळतात, त्यामुळे सांगली-सोलापूरच्या पाहुण्याचे आकडे आपल्याला लावू नका. तुमच्या घराला वर्षाला २,४०० युनिटं लागतात. २ किलोवॅटमध्ये ती निघतात. २ किलोवॅटचं काम सव्वा लाखाच्या आगेमागे बसतं, ६०,००० परत येतात, म्हणजे खिशातून गेले पासष्ट-सत्तर हजार. वर्षाला बिलात वीस हजारांपर्यंत वाचले तर साडेतीन-चार वर्षांत पैसे वसूल. ३ किलोवॅटच्या तुमच्या कोटेशनमध्ये खिशातून एक लाख बारा हजार जातात आणि वाचणारं बिल तेवढंच राहतं, कारण वापर तेवढाच आहे. उरलेली युनिटं महावितरण ३१ मार्चला तुमच्याकडून विकत घेतं, पण तुम्ही ज्या दराने घेता त्याच्या मानाने फारच कमी दराने.

ही ३१ मार्चची तारीख कोकणवाल्यांनी लक्षात ठेवावी. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिटं खात्यावर जमा होतात आणि पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण फक्त त्या आर्थिक वर्षात. आपल्याकडे भरघोस निर्मिती ऑक्टोबर ते मे. हिवाळ्यात पंखे बंद, युनिटं साठत जातात, आणि एप्रिल-मेमध्ये चाकरमानी पोराबाळांसह गावी येतात, एसी लावायची वेळ येते, त्याच्या तोंडावर खातं रिकामं होतं. मग जूनपासून पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्याच्या आसपास येते, सतत झड लागली तर त्याहून खाली. तेव्हा वापरायला फक्त एप्रिल-मेमधलं उरलंसुरलं. म्हणून फेब्रुवारीच्या बिलावर युनिटं साठलेली दिसली तर मार्चमध्ये आईंना इंडक्शनवर स्वयंपाक करू द्या, सिलिंडर तरी वाचेल. पावसात थोडी युनिटं विकत घ्यावी लागली तर लागू देत. महावितरणचा दर शंभर युनिटांच्या आत कमी आहे आणि १०१ पासून तो एकदम दुपटीच्या आसपास उडी मारतो. सोलर आधी ही वरची महाग युनिटं खातं, खरी बचत तिथेच आहे. यामुळेच ज्यांचा वापर मुळात ७०-८० युनिटं आहे त्यांना मी सोलर घ्या म्हणत नाही. वर्षातून गणपतीला आणि मेमध्ये उघडणाऱ्या बंद घराला तर नाहीच नाही.

बिल शून्य होत नाही, हेही बाबांना आधीच सांगून ठेवा. स्थिर आकार राहतोच.

दोनाऐवजी तीन किलोवॅट कधी? पुढच्या वर्षा-दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर नक्की येणार असेल तेव्हा. नाहीतर स्ट्रक्चरला, म्हणजे पॅनेलखालच्या सांगाड्याला, दोन पॅनेलची जागा सोडून ठेवा.

खाऱ्या हवेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कोटेशनमध्ये सगळी चलाखी इथे होते. पॅनेल सहसा खराब होत नाही, खराब होतं ते त्याच्याखालचं लोखंड. समुद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत घर असेल तर रंग मारलेला लोखंडी अँगल अजिबात नको. हॉट-डिप गॅल्वनाइझ्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, स्ट्रक्चर मागा, जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन, आणि ते कोटेशनवर लिहून घ्या. जागेवर वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंग केलं की तिथला थर जळतो आणि दुसऱ्या पावसात तिथूनच गंज सुरू होतो. नटबोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ चे स्वस्त पडतात पण खाऱ्या वाऱ्यात त्यांना तांबडे डाग पडतात. पॅनेलला खाऱ्या हवेची चाचणी, म्हणजे आयईसी ६१७०१, झालेली आहे का विचारा. बहुतेक चांगल्या पॅनेलना ती असते, पण प्रश्न विचारला की विक्रेता जरा सावरून बसतो. इन्व्हर्टर पडवीत, सावलीत, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला पाठ करून लावा.

हल्ली खाली वावरता यावं म्हणून सात-आठ फूट उंच स्ट्रक्चरची फॅशन आहे. किनाऱ्यावर मी ती टाळतो. उंच गेलं की वाऱ्याला खालून उचलायला मोकळी जागा मिळते. आणि गळती थांबवायला स्लॅबवर पत्र्याची शेड घातलेली असेल तर त्या पत्र्यावर पॅनेल ठोकण्याआधी शेड कशावर उभी आहे ते बघा. निसर्गमध्ये अशा शेडी आख्ख्याच्या आख्ख्या उडाल्या. मंगलोरी कौलांवर लावायचंच असेल तर भार वाशांवर न टाकता भिंतींवरून स्वतंत्र फ्रेम उचलावी लागते. खर्च वाढतो. त्यापेक्षा मागच्या बाथरूमचा किंवा गोठ्याचा स्लॅब सापडतो का पाहा. २ किलोवॅटला दोनशे चौरस फूट बिनसावलीची जागा पुरते.

बिनसावलीची म्हणजे खरोखर बिनसावलीची. माडाच्या एका झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या रांगेतल्या बाकीच्या पॅनेलचीही वीज घटते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा सावल्या लांबतात. सोलरवाला मे महिन्यात पाहणी करून "सावली नाही" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. नारळ थेट पॅनेलवर पडेल अशा माडाखाली तर लावूच नका. आंब्याचं कलम जवळ असेल तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा काचेवर बसतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि ती नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने जात नाही. सकाळी काच थंड असताना मऊ फडक्याने पुसायची.

आणि वानरं. देवगडच्या माणसाला मी काय सांगणार. पॅनेलवर उड्या मारतात, लोंबणारी केबल ओढतात. वॉरंटीत हे बसत नाही. केबल पूर्ण पाइपातून न्या, कुठेही हाताला येईल अशी लोंबती ठेवू नका, आणि घराचा विमा असेल तर त्यात सोलरची नोंद करून घ्या.

अर्थिंगवर पैसे वाचवू नका. जांभ्याच्या कातळात, तेही उन्हाळ्यात, साधं अर्थिंग नीट लागत नाही. मृगाआधीच्या आणि ऑक्टोबरच्या विजा आपल्याला माहीत आहेत. लाइटनिंग अरेस्टरचं, म्हणजे पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या साधनाचं, अर्थिंग वेगळं घ्या आणि मीटरने मोजून दाखवायला सांगा.

कागदपत्रांत एकच गोष्ट अडते, पण कोकणात ती हमखास अडते: बिल कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी मीटर बाबांच्या नावावर करून घ्या. घर सामाईक असेल तर चुलत्यांची संमती लेखी घ्या, छपरावर पॅनेल चढल्यावर भांडण्यापेक्षा आधी चहावर मिटवलेलं बरं. बिल, आधार आणि बँक खातं यांवर नाव एकसारखं हवं. सबसिडी नंतर खात्यात येते, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागते. नसेल तर सरकारी बँका यासाठी विनातारण कर्ज देतात. पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतात बनवलेल्या सेलचेच हवेत, नाहीतर सबसिडी विसरा. कोटेशन जुनं असेल तर जीएसटीही तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावर तो १२ वरून ५ टक्के झालाय.

तेव्हा त्याच माणसाकडून किंवा दुसऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याकडून २ किलोवॅटचं नवं कोटेशन घ्या: डीसीआर पॅनेल, ८० मायक्रॉन, ३१६ चे बोल्ट, वेगळं अर्थिंग, पाच वर्षांची देखभाल, सगळं लेखी. काम दसऱ्यानंतर काढा, भर पावसात स्लॅबला भोकं पाडली की गळती पाठी लागते. कोटेशन हातात आलं की नावं झाकून इथे टाका, आणि छपराचा एक फोटो दक्षिणेकडे तोंड करून काढलेला, म्हणजे माड कुठे आहेत ते दिसेल.